अँबेसेडरचं बसलेलं हेड कसं उचलावं

काकांची अँबेसेडर अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, बॉनेटवर वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या. मागच्या दिवाळीत ती बाहेर ओढली, हँडल मारलं तर इंजिन फिरलं. तिसऱ्या दिवशी सुरूही झालं. दहा मिनिटं चाललं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेचे लोट यायला लागले. डिपस्टिक ओढून बघितली तर तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा. हेड (इंजिनाचं वरचं जड झाकण) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ गॅसकेट गेलं होतं, म्हणजे हेड उतरवणं आलं.

मॅन्युअलमध्ये हे काम एका ओळीत उरकलेलं असतं: नट सोडवा आणि हेड वर उचला. आमचे नट सुटले, हेड मात्र जागचं हललं नाही. ते वर यायला नऊ दिवस लागले आणि त्यातले सात आम्ही नुसते थांबलो होतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यानं त्या नऊ दिवसांतून काय उचलावं, तेवढंच इथे लिहितो.

आधी इंजिन कोणतं ते बघून घ्या. मी लिहितोय ते १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजमधलं हे इंजिन. तिकडची एमजीबी ही स्पोर्ट्स कार याच घराण्याच्या १७९८ सीसी इंजिनावर चालायची, त्यामुळे तिच्या मालकांनी शोधलेल्या बऱ्याच युक्त्या आपल्यालाही लागू पडतात. नव्वदच्या दशकात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाच्या अँबेसेडर निघू लागल्या. त्यांची रचना वेगळी आहे, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये असतो. त्यांना खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लावू नका.

हेड नेमकं कुठे अडकतं

बहुतेकांना वाटतं की हेड गॅसकेटला चिकटलेलं असतं. गॅसकेट चिकटतं हे खरं, पण ती पकड ठिसूळ असते, एका झटक्यात सुटते. खरी पकड स्टडची, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या खुंट्यांची. ब्लॉकमधून ११ स्टड वर येतात आणि हेडच्या उंचीभर त्याच्या भोकांतून जातात. स्टड आणि भोक यांच्यामध्ये अगदी थोडी जागा असते. गॅसकेट झिरपू लागलं की पाणी त्या जागेत शिरतं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी घातलेलं असेल तर मग विचारूच नका. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. तो गंज त्या फटीत ठासून बसतो. म्हणजे तुमच्यासमोर एक अडकलेलं हेड नसतं, अकरा अडकलेल्या खुंट्या असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी कामं कुठे करायची ते आपोआप कळतं.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांसाठी एक फरक. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. तिथे लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी साठते, पण ठासून बसते तशीच. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं, म्हणून पद्मिनीचं हेड गरम करण्याचा उपयोग जास्त होतो. मात्र ते मऊ असतं, पहारीचा एक चुकीचा झटका आणि पृष्ठभाग गेला.

सोडवायला घेण्याआधी

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभं असलेलं. बॅटरीची अर्थची वायर काढा. रेडिएटरचं पाणी सोडा आणि ब्लॉकच्या बाजूचा नळही उघडा. जुन्या गाडीत तो गाळानं हमखास बुजलेला असतो. उघडला आणि काहीच आलं नाही म्हणून आत पाणी नाही असं समजू नका, तार घालून खुपसा. आमच्या नळातून आधी चिखल आला, मग पाणी.

पुढचं नेहमीचंच: वरचा होज, एअर क्लीनर, कार्बोरेटर, त्याच्या केबल आणि पेट्रोलची नळी. नळीचं तोंड बंद करून ठेवा. प्लगच्या वायरींना नंबर घाला. मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) काढाच. काही जण तो हेडसकट उचलतात, पण हेड बसलेलं असताना त्याचं वजन आणि सायलेन्सरचा पाइप दोन्ही आडवे येतात. तापमानाच्या काट्याची जोडणी हेडमध्ये असते. तिथे बारीक नळी असेल तर जिवापाड जपा, ती पिळली की मीटर गेला.

रॉकर कव्हर वरच्या दोन नटांवर असतं. ते काढा, पण रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या रांगेला) अजून हात लावू नका.

नट, आणि १४ नंबरच्या पान्याचा मोह

इथे पहिला घोटाळा होतो. हेडचे नट इंची मापाचे आहेत, त्यांना ९/१६ चा पाना लागतो. मिलिमीटरमध्ये ते १४.२९ भरतं. आपल्या पेटीतला १४ चा पाना बसत नाही, १५ चा ढिला बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. ९/१६ ची सहाकोनी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडी आधी आणा, मग बॉनेट उघडा.

मोठे नट अकरा. त्यातले चार रॉकरच्या ठोकळ्यांवरून जातात. म्हणजे तेच चार नट रॉकरही धरतात आणि हेडही. त्यांच्या शेजारी चार लहान नट आहेत, ते फक्त रॉकरचे. हे माहीत नसलेला माणूस रॉकर आधी पूर्ण सोडून काढतो आणि हेडवरचा दाब एकाच रांगेतून निघून जातो. त्यापेक्षा अकराही मोठे नट थोडे थोडे ढिले करत न्या. टोकांपासून सुरू करून मधल्या नटांकडे या. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाव वळसा, दुसऱ्या फेरीत आणखी पाव. हेड वाकू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

एखादा नट हलत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेनं ढकला. ‘कट्’ असा आवाज आला की उलटं फिरवा. तरीही हलला नाही तर गॅसच्या टॉर्चनं नटच तापवा, स्टडचं टोक नाही. पेट्रोलची भांडी, चिंध्या, कार्बोरेटर त्याआधी दहा फूट लांब गेलेले असले पाहिजेत. जोर लावल्यावर पाना स्पंजसारखा दबत पुढे जातोय असं हाताला जाणवलं, तर नट सुटत नसतो, स्टड पिळवटत असतो. तिथेच थांबा. स्टड हेडच्या आत तुटला तर नऊ दिवसांचे एकोणतीस होतात.

नट निघाले की रॉकर सरळ वर उचला. मग आठ पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारे उभे दांडे. ते ओढून काढू नका. तेलामुळे खालचा टॅपेट (पुशरॉड ज्यावर टेकतो तो तुकडा) पुशरॉडला चिकटून वर येतो आणि आत भलतीकडे पडतो. बोटांनी पुशरॉड गोल फिरवत हलका उचला. बुटाच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्यात ओळीनं उभे करा, जो जिथून आला तो तिथेच परत जायला हवा.

खरंच सगळं सुटलंय का?

हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण हेड हलत नाही म्हणून माणसं घाम गाळत असतात आणि शेवटी सापडतो तो डायनामोचा ब्रॅकेट, हीटरच्या पाइपची क्लिप, नाहीतर काजळीखाली दडलेला एखादा नट. हात फिरवून अकराही स्टड मोजा. आरसा आणि टॉर्च घेऊन मागची बाजू बघा, फायरवॉलकडची, जिथे डोकं जात नाही तिथली.

सात दिवसांचा पाहुणा

आता तेल. डब्यातला पेनेट्रेटिंग स्प्रे चालतो. आमच्या मिस्त्रींनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळलं. हे मिश्रण फटीत फार खोलवर जातं, पण भडकतंही तसंच. बिडी ओढणाऱ्याला शेडबाहेर ठेवा आणि मिश्रण एका वेळी अर्धी वाटीच करा. अॅसिटोन उडून जातो, शिवाय रंगावर सांडला तर रंगही उडतो.

प्रत्येक स्टडभोवती थेंब थेंब सोडायचं. मग स्टडवर एक जुना नट टोकाशी येईपर्यंत फिरवायचा आणि त्याच्या डोक्यावर हलक्या हातोडीनं टक्-टक् करायचं. जोरात नाही, पण बराच वेळ, प्रत्येक स्टडवर पन्नास-साठ टोले. कंपनानं गंजाला बारीक भेगा जातात आणि तेल त्यात उतरतं. नट लावायचा तो आटे चेपू नयेत म्हणून. सकाळ-संध्याकाळ हे करायचं आणि बाकी वेळ गाडीकडे बघायचंही नाही. आमच्याकडे काका रोज विचारायचे, “झालं का रे?” मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं: “भिजतंय.”

मला विचाराल तर सगळ्या युक्त्यांमध्ये ही सगळ्यात दुर्लक्षित आहे. पहिल्याच दुपारी पहार आणणाऱ्यांनी जितकी हेडं फोडली असतील, तितकी पाण्यानं कुजवली नसतील.

स्टडच काढून बघा

चौथ्या-पाचव्या दिवशी स्टड उपसायचा प्रयत्न करा. एका स्टडवर दोन नट चढवा, दोन पाने घेऊन ते एकमेकांवर घट्ट आवळा आणि मग खालच्या नटाला सोडायच्या दिशेनं फिरवा. दोन्ही नट एक होऊन स्टडलाच फिरवतात. स्टड पाव वळसा जरी फिरला तरी मोठी गोष्ट आहे, कारण गंजाची पकड सुटली. तो पुढे-मागे करत राहा, तेल सोडत राहा. आमचे अकरापैकी सात असे निघाले. सगळेच निघाले असते तर हेड नुसत्या हातांनी उचललं असतं.

जो फिरत नाही त्याच्यावर हट्ट करू नका. अशा स्टडसाठी लेथवाल्याकडून पातळ पोलादी नळी करून घेता येते. आतून स्टडपेक्षा केसभर मोठी आणि तोंडाला दाते पाडलेली. ती स्टडवर घालून हळूहळू फिरवली की मधला गंज कोरून निघतो. वेळखाऊ, पण स्टड आणि हेड दोन्ही वाचतात.

आतून ढकलणं

बाहेरून ओढण्यापेक्षा आतून ढकलणं नेहमी चांगलं, कारण जोर बरोबर सरळ वर लागतो. दोन्ही पद्धतींत एक अट: उरलेल्या स्टडवर नट परत चढवा, पण हेडपासून दोन-तीन आटे वर ठेवा. हेड सुटताना उसळी मारतं.

पहिली पद्धत हवेची. रॉकर आणि पुशरॉड निघाल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत, म्हणजे आत अडकलेली हवा फक्त पिस्टनच्या रिंगांजवळूनच निसटू शकते. प्लग काढून १ आणि ४ नंबरचे पिस्टन तळाशी आणा. या इंजिनात ते जोडीनं वर-खाली होतात. रिंगा कोरड्या असतील तर प्रत्येकात चमचाभर तेल सोडा आणि त्या दोन सिलिंडरचेच प्लग बसवा. आता भरपूर हवा आत कोंडलेली आहे. कॉइलची वायर काढा, बॅटरी जोडा, स्टार्टर दोन-तीन सेकंद द्या. हिशोब बघा: बोअर ७३ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर. दाब दर चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलोचा धरला तरी एका सिलिंडरमधून तीनशे किलोंच्या आसपास जोर वर लागतो. नंतर २ आणि ३ ची जोडी घ्या. काही फिरक्यांत हवा निसटते, मग प्लग काढून पुन्हा सुरुवात करायची.

आमचं हेड यानं पुढच्या बाजूला कागद जाईल इतकं उचललं आणि तिथेच रुसलं.

दुसरी पद्धत दोरीची. ८ मिलिमीटरची मऊ सुती किंवा नायलॉनची दोरी घ्या, तिचं वरचं टोक गाठ मारून प्लगच्या भोकाबाहेर राहिलं पाहिजे. पुन्हा १ आणि ४ चीच जोडी. पिस्टन अर्ध्यावर आणा, दोन्ही सिलिंडरमध्ये दोरी मावेल तेवढी कोंबा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून हँडलनं इंजिन सावकाश फिरवा. पिस्टन दोरीला दाबतो, दोरी हेडला. इथे स्टार्टर अजिबात वापरायचा नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. हाताला कडक लागलं की तिथेच दाब धरून ठेवा आणि दुसऱ्यानं हेडच्या बाजूला लाकडाचा ठोकळा लावून ठोकावं. दोघांनी बोलत बोलत हे करायचं. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. जुने ड्रायव्हर हे पोराला गाडीत बसवायच्या आधी शिकवत.

प्लगच्या भोकातून ग्रीस गननं ग्रीस भरून हेड उचलतात, तेही मी पाहिलंय. त्यात दाब प्रचंड होतो, चुकलं तर पिस्टन किंवा ब्लॉकचं नुकसान होतं, आणि नंतर किलोभर ग्रीस पुसत बसावं लागतं. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

वरून ओढायचंच असेल तर

आठव्या दिवशी आम्ही शेडच्या तुळईला चेन कप्पी लावली. रॉकरचे ते चार लहान स्टड हेडमध्येच बसवलेले असतात, ब्लॉकमध्ये नाही. त्यामुळे त्यांना जाड लोखंडी पट्टी बांधून हेड वर ओढता येतं. साखळी ताणायची ती गाडीचा पुढचा भाग जरासा हलका होईल इतकीच. गाडी हवेत लटकवायची नाही, तेवढा भार त्या बारीक स्टडना पेलणार नाही. ताण तसाच ठेवून पुन्हा तेल आणि पुन्हा टक्-टक्. रात्री आम्ही शेडला कडी लावून झोपलो. ताणलेल्या साखळीखाली किंवा तिच्या रेषेत कुणी थांबायचं नाही, पोरंसोरं तर नाहीच.

पहाटे कधीतरी ते सुटलं. सकाळी बघितलं तर हेड दोन बोटं वर, सरळ, लोंबकळत.

त्याच पट्टीऐवजी जाड प्लेट घेऊन, स्टडच्या टोकांवर येतील असे बोल्ट तिच्यात बसवून, ते एकेक करून आवळत हेड वर घेता येतं. यात जोर थेट स्टडवरून घेतला जातो, म्हणून ही रीत साखळीपेक्षा सुरक्षित. आमच्याकडे तेवढी जाड प्लेट नव्हती, एवढंच.

आणि छन्नी. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये छन्नी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा पहारीचं टोक ठोकायचं नाही. तिथे पडलेल्या एका ओरखड्यातून नवीन गॅसकेटही गळतं. थर्मोस्टॅटच्या तोंडाखाली पहार घालायची इच्छा सगळ्यांनाच होते, कारण ते हाताशी असतं. ते तुटतं.

वर आल्यावर

हेड बिडाचं आहे, एकट्यानं उचलू नका. दोघांनी सरळ वर घ्या. खाली ठेवताना लाकडी फळ्यांवर, पृष्ठभागाला काही लागणार नाही असं.

जुन्या तांब्याच्या गॅसकेटमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. सुकं खरवडू नका आणि वाऱ्यानं उडवू नका. ओलं करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, तुकडे ओल्या चिंधीत गुंडाळून पिशवीत बांधा. त्याआधी चारही सिलिंडरमध्ये स्वच्छ चिंधी कोंबा, पुशरॉडच्या भोकांतही. गंजाचा एक खडा खाली पडला तर तो तेलाबरोबर फिरत राहतो.

सरळ पट्टी आणि फीलर गेज (मापाच्या पातळ पात्यांचा संच) घेऊन हेडचा तळ उभा, आडवा, तिरका तपासा. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठे सहज जात असेल तर फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) द्या. फेसिंगवाल्याला गरजेपुरतंच घ्यायला सांगा. जितकं हेड कमी होईल तितकं कॉम्प्रेशन वाढतं. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागी आणि स्टडच्या भोकांभोवती तडे गेलेत का तेही त्याच फेरीत तपासून घ्या.

ब्लॉकमधल्या स्टडच्या भोकांतलं तेल आणि गाळ चिंधीनं टिपून काढा. तळाशी तेल राहिलं आणि त्यावर नवीन स्टड आवळला, तर तेल दबत नाही, ब्लॉकला तडा जातो. स्टड अकराही नवे घ्या. आमच्या जुन्यांपैकी चारांची मधली जाडी पेन्सिलीसारखी झाली होती.

दहाव्या दिवशी हेड गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. फेसिंगवाल्यानं तळावरून बोट फिरवलं आणि पहिलाच प्रश्न केला, “छन्नी कुणी मारली नाही ना?”